हत्ती कोणी बांधायचा

हत्ती मेला तो जिनिंगच्या दारातच मेला. चार हात अलीकडे नाही, चार हात पलीकडे नाही, बरोबर दोन्ही खांबांच्या मधोमध आडवा. कापसाची ही जिनिंग रामरावांची, दार रामरावांचं, आणि हत्तीलाही पोट फुटेस्तोवर खाऊ घातलं ते रामरावांनीच. मी सकाळी भातकुलीच्या रस्त्यानं क्रेन घेऊन आलो तेव्हा गावातली निम्मी माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून उभी होती. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. बरं झालं वाटलं.

हत्तीवर माझा काही राग नव्हता. तो बैराग्यांचा मुका जीव, कार्तिकातल्या जत्रेला कौंडण्यपूरला निघालेला. आदल्या दिवशी तो गावात आला तेव्हा 'गणपती आला, गणपती आला' करत बाया आरत्या घेऊन धावल्या. रामरावांनी त्याला जिनिंगच्या दारात उभा केला, सोंडेला कुंकू लावलं आणि पुढ्यात सरकीच्या पाट्या ओतायला लावल्या. बैलाला सरकी द्यायची तर आमच्या वऱ्हाडातलं शेंबडं पोरही ती आधी भिजवतं आणि मोजून देतं. पण हा बैल नव्हता, देव होता, आणि देवाला माप कोण लावणार! कोरडी सरकी, वर गूळ, गुळावर पुन्हा सरकी. मग हत्तीनं हौदातलं पाणी ओढलं. पोटात सरकी फुगली, हत्ती फुगला, आणि उजाडायच्या आत आडवा झाला. बैराग्यांनी त्याच्या गळ्यातली घंटा काढली, पाठीवरची झूल गुंडाळली आणि पोबारा केला.

मी श्रावण, क्रेनचा ड्रायव्हर. पुलगावच्या लष्करी डेपोत क्रेन शिकलो आणि तिथून नागपूरच्या एका कंत्राटदाराकडे लागलो. त्याची ही क्रेन लढाईतली, लिलावात घेतलेली. दहा चाकं, बाजूला टेकवायचे चार लोखंडी पाय, माझ्या डोक्यावरून पुढे गेलेला जाळीदार लांब हात आणि त्याच्या टोकाला माणसाच्या मुंडक्याएवढा हूक. मागून ट्रेलरवर रामरावांचा नवा बॉयलर येत होता. तो आत नेऊन पायावर बसवायचा, मग धुराड्याचे तुकडे एकावर एक चढवायचे, एवढं आमचं काम. कापसाच्या गाड्या आतापासूनच बैल सोडून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. हे माझंच गाव आहे आणि माझी माय जाईबाई जिनिंगपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीत राहते, हे कंत्राटदाराला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. रामरावांच्या दारात मला एकदा उंचावर बसून यायचं होतं.

माझ्यासोबत बुधाजी होता. वजनाला तारेचे दोर बांधायचे आणि खालून मला इशारे करायचे हे त्याचं काम. 'हबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे खाली सोड. हे शब्द मुंबईच्या गोदीतले, तो तिथेच तयार झालेला. वयानं माझ्या बापाएवढा, बोलायला कमी. त्याचा हात वर गेल्याशिवाय मी दांड्याला हात लावत नसे. तोही आमच्यातलाच, शेंदूरजनाघाटाकडचा, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेला.

आत जायला दुसरी वाट नव्हती. जिनिंगच्या बाकी तिन्ही बाजूंना काळी जमीन, वरून सुकलेली आणि आतून अजून ओली. तिच्यात ट्रेलर घातला असता तर बॉयलर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच रुतून राहिला असता. म्हणजे आधी हत्ती काढायचा आणि मग बॉयलर आत न्यायचा.

रामराव दाराच्या आत उभे होते, आम्ही बाहेर आणि मध्ये हत्ती. अंगात स्वच्छ सदरा, वर काळा कोट, डोक्याला फेटा. तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं. त्यांनी आपला मुकादम नत्थुजी माणसं आणायला वस्तीवर पाठवला होता. तो हात हलवत परत आला.

"काय म्हनते?" रामरावांनी आतूनच विचारलं.

"नाही म्हनते, मालक."

'नाही' हा शब्द रामरावांनी वस्तीकडून पहिल्यांदा ऐकला त्याला आता तीन वर्षं होत आली होती, पण तो त्यांना अजून पचला नव्हता. दीक्षेनंतर वस्तीनं ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावातलं प्रत्येक मेलेलं ढोर पिढ्यानपिढ्या आमच्या बापांनी ओढलं, आणि त्या ओढण्याकडेच बोट दाखवून गावानं आम्हाला दूर ठेवलं. ते बंद. रामराव गावचे पाटील. त्यांनी दुकानदाराला दम देऊन वस्तीचं पीठमीठ तोडलं. वस्ती उपाशी राहिली, पण दोराला हात लावला नाही. मग लोक आपापली ढोरं आपणच ओढायला लागले, तेव्हा रामरावांनी दुसरा नियम काढला. जो मेलेलं ढोर ओढेल तो बाटला. कार्तिकी पौर्णिमेला कौंडण्यपूरला वर्धेत आंघोळ करून येईस्तोवर त्याच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही, त्यानं हात लावलेल्या भांड्याला शिवायचं नाही. डाव सरळ होता. गावाचे हात बांधून ठेवले की कधी ना कधी वस्तीलाच यावं लागेल. वस्ती आली नाही. ढोरं शेतात पडल्या जागी कुजायला लागली आणि गावभर गिधाडांची चंगळ झाली.

रामरावांची नजर वर माझ्याकडे गेली. त्यांनी मला ओळखलं. ओळखलं तरी माझं नाव घेतलं नाही.

"एवढं मोठं जनावर आनलं तं उभं काहून केलं?" ते क्रेनकडे बोट करून म्हणाले. "उचल याले अन् फेक तिकडं खदानीत."

रस्त्याच्या पलीकडे मुरमाची जुनी खदान होती. क्रेन रस्त्यावरून न हलता हत्तीला तिथे सोडू शकत होती. कंत्राटदाराचा साहेब जीपमधून आलेला होता. त्यालाही घाई, कारण ट्रेलर दुसऱ्या कामावर जायचा होता. तो म्हणाला, "श्रावण, आधी हे उरकून घ्या." मी म्हटलं, उरकतो. खोटं कशाला बोलू, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यंत्र होतं, साहेबाचा हुकूम होता, उचलायचं वजन होतं.

मी क्रेन रस्त्यावर आडवी लावली. चारही पायांखाली लाकडी स्लीपर सारले, पाय टेकवले, क्रेनचा हात दारावर फिरवला आणि हूक हत्तीच्या पोटावर आणून थांबवला. आता दोर हवे होते. हूक काही आपण होऊन कोणाच्या पोटाखाली जात नाही. कोणीतरी खाली बसून, माती उकरून, हात घालून ते दोर हत्तीखालून काढायला हवे होते. बुधाजीनं दोन जाड तारदोर खांद्यावर घेतले, पहार उचलली आणि तो मुकाट्यानं हत्तीकडे निघाला.

एवढ्यावर रामराव गप्प बसले असते तर घटकाभरात सगळं निस्तरलं असतं. पण तोंड आवरणं त्यांच्या खानदानात नव्हतं. ते लोकांकडे वळून हसले.

"पाहा! नाही म्हनत होते नं? ज्याचं काम त्यालेच करा लागते. मशिनीवर बसला म्हनून का जातीचं काम सुटते?"

बुधाजी थांबला. त्यानं खांद्यावरचे दोर काढून रस्त्यावर टाकले. तारेचा दोर डांबरावर पडला की मोठा आवाज होतो. कडेला बांधलेले बैलसुद्धा बिचकले.

"काय झालं?" साहेब जीपमधून उतरून आला. "बुधाजी, वजन ते वजन. लोखंड असलं काय आणि हत्ती असला काय! बांधणं तुमचं काम आहे."

"खरं हाय, साहेब," बुधाजी म्हणाला. "बांधतच होतो नं आता. तवा ते तुमी सांगतलेलं काम होतं. यायनं त्याले जातीचं केलं. आता नाही बांधत."

"मी कामावरून काढून टाकीन."

"काढा जी. बॉयलर कोन बांधन थेबी पाहून ठेवा."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी वरून म्हटलं, "मी खाली उतरलो तं क्रेन कोन चालवन, साहेब? तुमी?" तो पांढरा पडला आणि जीपच्या सावलीत जाऊन सिगारेट ओढत बसला. त्याला या गावातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मला त्याचाही राग आला. त्या दिवशी मला राग यायला फार काही लागत नव्हतं.

रामरावांनी मग आपल्या हातातलं खरं हत्यार काढलं. त्यांनी नत्थुजीला परत वस्तीवर धाडून जिनिंगवर कामाला येणाऱ्या बायांना बोलावून घेतलं. दरवर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत वस्तीची चूल या जिनिंगवर पेटायची. कापूस निवडायचा, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांवर टाकायचा, सरकी भरायची, सगळं काम बायांचं. कामावर गावातल्या बाया एका बाजूला बसायच्या, वस्तीच्या दुसऱ्या. आता वस्तीतून आलेल्या बायांत माझी माय पुढे होती. तिच्या मागे पंचफुला, कडेवर एक लेकरू आणि पदराला एक. तिचा नवरा दम्यानं घरी बसून होता.

"ऐकून घ्या वं," रामराव आतून ओरडले. "हत्ती बांधला तं सगळ्यायची हजेरी लागन. नाही बांधला तं यंदा तुमच्यातली येकबी बाई या दारातून आत येनार नाही. बस्स."

पंचफुला वर पाहून म्हणाली, "श्रावणभाऊ, बांधून टाका म्हना नं बुधाजीले. मेलेल्या हत्तीपायी जित्या लेकरायनं मराव का?"

मला तिचा संताप आला. तिचं खरं होतं म्हणून जास्तच आला. वस्तीचं पीठमीठ तुटलं तेव्हा मी पुलगावला डेपोच्या मेसमध्ये दोन वेळ पोटभर जेवत होतो. ती इथे होती. मी मायकडे पाहिलं. वाटलं, ती काहीतरी ठणकावून बोलेल आणि मी सुटेन.

"माह्याकडे काहून पाह्यतं?" माय म्हणाली. "बांधाचं का नाही थे तुमी ठरवा. पन मायच्या पोटासाठी बांधलं, असं मले मागून आयकवाचं नाही."

ऊन चढत चाललं होतं. हत्तीचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं, त्यावर माशांचा थर बसला होता. जिनिंगच्या भिंतीवर गिधाडं येऊन बसली. काल ज्या बायांनी ओवाळलं होतं त्या लिंबाखाली तोंडाला पदर लावून थुंकत होत्या. हत्तीच्या सोंडेवर कालचं कुंकू तसंच होतं, आणि ते पाहून माझं डोकं फिरलं. मी इंजिन बंद केलं, म्हणजे माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जावं.

"रामरावजी! काल हा कोन होता?"

"काय?"

"काल कोन होता हा? गनपतीच होता नं? तुमीच कुंकू लावलं त्याले. मंग गनपती बोळवाचा मान आमाले कधीपासून भेटला जी? भादव्यात तुमच्या गनपतीवर आमची सावली पडू देत नाही तुमी. हा गनपती असन तं तुमचा हाय, तुमी उचला. अन् ढोर असन तं सांगा सगळ्यायपुढं, का काल तुमी गावाले ढोराची आरती कराले लावली!"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. कोण ते मी आजही सांगू शकणार नाही, पण वस्तीतलं नव्हतं. रामरावांचं तोंड लालबुंद झालं.

"नत्थू! घे थो दोर!"

नत्थुजी जागचा हलला नाही. त्यानं आयुष्यभर रामरावांची थुंकी झेलली होती, आणि आता तोच मान खाली घालून म्हणाला, "मले नोका सांगू, मालक. मांगच्या साली माहा बैल मेला, तं मीच ओढला. तुमीच मले बाटवलं. कौंडण्यपूर करून आलो तवा बायकोनं घरात घेतलं मले. आता दुसऱ्यांदा नाही."

रामरावांनी आपल्या गड्यांना एकेकाला नावानं हाक मारली. ज्याला हाक मारली तो एक पाऊल मागे सरला. नियम चांगलाच मुरला होता. गावात दुसरा कुठला कायदा एवढा पाळला जात नव्हता.

मग त्यांनी रागाच्या भरात कोट काढून फेकला, धोतराचा काचा मारला. "सरका बाजूले! मले कोनाची गरज नाही!" ते हत्तीच्या पायावरून चढून बाहेर आले आणि त्यांनी दोर उचलला. त्यांना कोणी अडवलं नाही. मला वाटतं, कोणीतरी अडवेल अशी त्यांची अपेक्षा होती. ते एकदा मागे वळून पाहत थांबलेही. पण लोक पाहत राहिले. पाटलाला ढोराजवळ बसलेलं पाहायला कोणाला नको असतं?

बुधाजी दहा हातांवर उभा राहिला आणि तिथून सांगू लागला. त्यानं वाकडं काही शिकवलं नाही. वजन निसटलं तर खालची माणसं मरतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "पुढच्या पायायच्या मांगं खोदा. आनखीन खोल. आता पहार काढा अन् हात घाला आरपार. हां, असा. दुसरा दोर मांगच्या पायायपुढून." रामराव ऐकत होते. गुडघे मातीत, फेटा सुटलेला. हात पलीकडे पोचेना म्हणून त्यांना गाल हत्तीच्या पोटाला टेकवावा लागला. तसेच डोळे मिटून ते दोर चाचपत राहिले. मी वरून सगळं पाहिलं. मला दया आली नाही. माझ्या बापानं असाच गाल लावून ढोरं ओढली होती.

दोर हुकात अडकले. बुधाजीनं सगळ्यांना मागे हटवलं आणि हात वर केला. "हबेस!"

मी दांडा ओढला. दोर ताणले, क्रेनचे पाय स्लीपरमध्ये करकरले, इंजिन खाली दबून घुमलं. आधी हत्तीची पाठ हलली, मग खांदे, मग सगळा हत्ती जमिनीवरून सुटला. पोटावर दोर आवळले तसं त्याच्या तोंडातून फुगलेली सरकी आणि पाणी भळाभळा खाली पडलं. रामरावांना बाजूला व्हायला उशीर झाला, त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भरलं. हत्ती हळूच एका बाजूला फिरला, सोंड खाली लोंबकळत होती. काही बायांचे हात आपसूक जोडले गेले आणि मग एकमेकींकडे पाहून खाली आले. मी बुधाजीच्या हाताकडे बघत हत्तीला रस्त्यावरून पलीकडे नेलं आणि खदानीत उतरवलं. 'आरिया, आरिया' करत तो मला अगदी हळू खाली आणत होता. जिवंत माणसाला उतरवावं तसं उतरवलं आम्ही त्याला.

दोर सोडायलाही रामरावांनाच खदानीत उतरावं लागलं. तिथून वर आले ते तडक जिनिंगच्या पडवीतल्या रांजणाकडे गेले. झाकण काढलं, लोटा बुडवला आणि घटाघटा पाणी प्यायले. घसा कोरडा पडला असेल, त्यात नवल नाही. पण लिंबाखालच्या बायांनी ते पाहिलं आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली.

दुपारनंतर बॉयलर आत गेला. तो बुधाजीनं बांधला आणि मी पायावर नेऊन बसवला, सुताइतकाही फरक न ठेवता. रामरावांशी वैर होतं, बॉयलरशी नव्हतं. साहेब खूश झाला आणि कामावरून काढायचं विसरला. संध्याकाळी रामराव आंघोळ करून, कोरं धोतर नेसून आले. वस्तीच्या बाया अजून दाराशी बसून होत्या. हत्ती तर निघाला, आता हजेरी लागेल, या आशेवर.

"हत्ती तुमच्या मानसायनं नाही बांधला," रामराव म्हणाले. "मी बांधला. जा घरी."

बाया उठल्या. पंचफुलानं जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी वस्तीवर मायकडे जेवायला गेलो तर कोणी माझ्याशी धड बोलेना. मायनं भाकर वाढली आणि ती पाठ करून बसली. मी जिंकलो होतो म्हणे! चार शब्द ऐकवून मी नागपूरला निघून जाणार होतो, आणि होळीपर्यंत या बाया काय खाणार होत्या? मला रामरावांचा इतका द्वेष वाटला की भाकर ताटातच टाकून मी उठलो.

धुराडं चढवायचं राहिलं होतं म्हणून आम्ही थांबलो. धुराडं उभं राहिलं, बॉयलर पेटला, पहिला भोंगा वाजला. आणि गावातली एकही बाई कामावर आली नाही.

त्यांना कोणी भडकवलं नव्हतं. रामरावांचाच नियम होता. मेलेलं ढोर ओढणारा बाटला, आणि मालकानं त्याच हातानं रांजणात लोटा बुडवला होता. दिवसभर कापसाच्या धुळीत काम करायचं तर पाणी कुठलं प्यायचं? नत्थुजीनं दुसरा रांजण आणतो म्हणून सांगितलं, तर बायांचे नवरे म्हणाले, रांजण बदलशील, मालक कसा बदलशील? पौर्णिमेला कौंडण्यपूर करून येऊ द्या, मग पाहू. पौर्णिमेला अजून आठवडा होता. नियम खोटा होता असं रामरावांनी म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, पण ते म्हणण्यापेक्षा त्यांनी जिनिंग जाळली असती. इकडे वाफ फुकट चालली होती आणि कापसाच्या गाड्या एक एक करून अमरावतीच्या रस्त्याला लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायच्या आधीच नत्थुजी वस्तीवर आला. मी मायच्या अंगणात दात घासत होतो. तो म्हणाला, मालकानं सगळ्यांना बोलावलंय, हजेरी पूर्ण हंगामाची, आजपासून.

"अन् पानी?" मायनं विचारलं.

नत्थुजीला कळलं. मलाही कळलं. आजवर वस्तीच्या बायांना तहान लागली की त्यांनी रांजणापासून लांब उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची आणि नत्थुजीनं वरून पाणी सोडायचं. तोही मनात येईल तेव्हा.

"रांजन आमचाबी," माय म्हणाली. "आमच्या हातानं घेऊ. मंजूर असन तं येतो."

नत्थुजी पळत गेला आणि पळत परत आला. मंजूर होतं.

मी क्रेनवर जाऊन बसलो. आम्हाला त्याच दिवशी निघायचं होतं, पण हे पाहिल्याशिवाय मी निघणार नव्हतो. बाया रांगेनं दारातून आत गेल्या, माय पुढे. रामराव पडवीत रांजणाजवळ उभे होते, एकटेच. त्या दिवसापासून त्यांच्याजवळ कोणी उभं राहत नव्हतं. रस्त्यावर गाडीवाले, लिंबाखाली गावातली माणसं, सगळे टक लावून पाहत होते. रामरावांना ते जाणवत होतं. त्यांनी स्वतः लोटा भरला आणि दोन्ही हातांनी मायपुढे धरला.

"घे, जाईबाई. पे."

आमच्या गावच्या पाटलानं आमच्यातल्या बाईपुढे लोटा धरला होता. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या बापाच्या काळात हे घडलं असतं तर त्यानं पाटलाचे पाय धरले असते. क्षणभर माझाही राग ढिला पडला. वाटलं, झालं गेलं, माणूस वाकला, आता मायनं घ्यावा.

मायनं पदर नाकाला लावला.

"ठेवा खाली," ती म्हणाली. "तुमच्या हाताले अजून हत्तीचा वास येते. मी माह्या हातानं घेतो."

रामराव तसेच उभे राहिले. जिनिंगमधली वाफ सुसू करत होती, गाड्या उभ्या होत्या, आणि मायला कसलीच घाई नव्हती. शेवटी ते वाकले आणि त्यांनी लोटा फरशीवर ठेवला.

मायनं तो उचलला. पाणी अंगणात ओतून दिलं, खाली बसून लोटा आतून बाहेरून मातीनं घासला, विसळला, रांजणात बुडवून भरला आणि उभ्यानं सगळा प्याली. मग तिनं तो पुन्हा भरला आणि पंचफुलाच्या हातात दिला.